उलट्या दिशेनं

आज गाडीवरची पर्यटनाची पाटी काढून
सीटखाली सारली.
मागं आई बसलीय.
पुढचा पट्टा काचतो म्हणते,
पण मला ठाऊक आहे,
माझी गिऱ्हाइकं बसतात तिथं
तिला एकदा बसून बघायचंय.

तोझरहून निघालो तेव्हा खजुरांच्या बागेत
पाण्याची पाळी शेजारच्या लझहरची होती.
पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभा, खांद्यावर फावडं.
"एवढ्या पहाटे कुठं, मबरूका?"
"माहेरी," आई म्हणाली,
जशी काही परवाच जाऊन आलीय.
साठ वर्षं झाली.

माझा धंदा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो.
लोक विमानातून उतरतात,
आधी दगड बघतात, मग वाळू,
मग उंटावर फोटो, मग पोट बिघडतं.
आज रस्ता शेपटाकडून सोलला जातोय :
वाळू आधीच मागं पडली,
मग मेतलावीची खाणधूळ, काचेवर, दातांत,
मग गफ्सा.
तिथं रोमन हौदात पोरं उड्या मारत होती.
एक निथळत वर आला, खिडकीशी हात पसरून,
"मिस्यू, एक दिनार!"
आईनं काच खाली घेतली,
त्याच्या तळव्यावर दोन खजूर ठेवले
आणि म्हणाली, कान पुस आधी.

स्बैतलाला तीन देवळं ओळीनं उभी.
"थांबू?"
"कुणाची?"
"रोमनांची."
"मग राहू दे. आधी आपलं गाठू."

दुग्गा. टेकडी, ऑलिव्ह, वारा.
तिकिटाच्या खिडकीत शौकी. ओळखीचा,
तरी त्यानं दोन तिकिटं फाडली. नियम.
"माझ्या घरात शिरायला पैसे?" आई म्हणाली,
आणि रुमालाची गाठ सोडून स्वतःच मोजले,
नाणं नाणं, त्याच्याकडे न बघता.

ती दहा वर्षांची होती तेव्हा साहेब आले होते.
म्हणाले, हे दगड फार जुने आहेत,
तुम्ही खाली नव्या गावात राहा.

ती पुढं, मी मागं. गिऱ्हाइकासारखा.
"तू काय सांगतोस रे त्यांना, नौफल?"
मी घसा खाकरला :
हे मुख्य देऊळ, दुसरं शतक, दगड इथलाच,
खांबांची उंची...
तिनं सगळं ऐकून घेतलं,
शाळेतला धडा ऐकावा तसं.
मग काठी उचलून म्हणाली,
"त्या खांबाला आमची शेरडं.
काळी फार द्वाड होती. दोर चावायची."

बारा भोकांचा तो दगडी संडास,
घोड्याच्या नालासारखा, गिऱ्हाइकं इथं हमखास हसतात.
आई त्यावर टेकली, गुडघे चोळत.
"इथं आम्ही बायका घेवडा सोलायचो.
भोकं कशाची, कुणाला माहीत!"
मी सांगितलं.
ती आधी गप्प राहिली,
मग इतकी हसली की ठसका लागला,
मला धावत गाडीतून पाणी आणावं लागलं.

टाकीच्या तोंडाशी, काठावर
दोरांनी घासून पडलेल्या खाचा.
ती एकेकीत बोट घालून बघत होती.
"ही आमची.
नाही, ही नव्हे. थांब.
ती, डावीकडची. मी डावरी होते ना."

मला हे माहीतच नव्हतं.
बेचाळीस वर्षं तिच्या हातचं खातोय.

"सासरी सोडवलं," ती म्हणाली,
"पहिल्याच रमजानात."
आणि खाचेतली माती फुंकली.

परतताना केफच्या पुढं अंधार पडला.
उद्या सकाळी विमानतळावर चौघं जण,
पाटी पुन्हा लावायला हवी,
टायरमध्ये हवा कमी वाटतेय.
मागून संत्र्याचा वास आला.
आरशात पाहिलं,
ती सोलत होती, मान खाली घालून.
कुठल्या हातानं,
ते दिसलं नाही.